पानाचे दार आणि सूर्याचा प्रकाश

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मला दिले, याबद्दल त्यांचे आभार. धम्म, इतिहास, संविधान या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकारी वक्ते या व्यासपीठावरून बोलून गेले आहेत व पुढेही बोलणार आहेत. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस. म्हणून आज झाडाच्या पानाविषयी बोलतो. पानाला प्रकाश कळतो कसा आणि कळल्यावर ते काय करते, एवढाच माझा विषय आहे. ऐकायला तो लहान वाटेल. पण त्याची वाट आपल्या विहाराच्या आवारातील पिंपळापर्यंत जाते, आणि तिथे पोहोचल्यावर मला थोडे स्पष्ट बोलावे लागणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

पिंपळाचे एक पान हातात घ्या. वरची बाजू गडद आणि चकचकीत, खालची बाजू फिकट. वरच्या बाजूवर मेणासारखा थर असतो, त्यातून पाणी सहसा जात नाही. खालच्या बाजूवर मात्र डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना आपण पर्णरंध्रे म्हणतो. सर्वसाधारण झाडाच्या पानावर एका चौरस मिलिमीटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षाही कमी जागेत, पन्नासपासून तीनशेपर्यंत रंध्रे मावतात. बहुतेक वृक्षांची रंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात, कारण वर कडक ऊन लागते. पाण्यावर तरंगणाऱ्या कमळाच्या पानाची मात्र वरच्या बाजूला असतात. खालची बाजू पाण्याला टेकलेली, तिथे हवा मिळणार कुठून? ज्वारी, मका यांसारख्या तृणधान्यांच्या पानांवर दोन्ही बाजूंना असतात. ज्या झाडाची जशी राहणी, तशी त्याच्या दारांची मांडणी.

ही छिद्रे नुसती भोके नाहीत. प्रत्येक छिद्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात, घेवड्याच्या दोन बिया समोरासमोर ठेवाव्यात तशा. त्या फुगल्या की मधले छिद्र उघडते, सैल पडल्या की मिटते. फुगल्यावर छिद्र मिटायला हवे, उघडते कसे, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थ्याला पडेल. याचे उत्तर पेशीच्या भिंतीत आहे. त्या भिंतीत सेल्युलोजचे धागे पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असतात, टायरच्या आत तारांचे पट्टे असतात तसे. त्यामुळे पेशीला जाडीत फारसे फुगता येत नाही, ती लांबीत वाढते. दोन्ही टोके तर एकमेकींना जोडलेली. मग धनुष्यासारखे वाकण्याखेरीज तिला गत्यंतर नाही. दोघी बाहेरच्या बाजूला वाकल्या की मध्ये फट पडते. हीच ती दारे.

आता दार कशासाठी? झाडाला अन्न करायचे तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यावा लागतो, आणि तो हवेत अगदी थोडा आहे, दहा हजार भागांत चार भागांहून किंचित जास्त. तो आत यावा म्हणून दार उघडले की आतल्या ओल्या पेशींवरची वाफ त्याच दाराने बाहेर जाते. दार उघडावे तर घरातले पाणी जाते, आणि बंद ठेवावे तर चूल पेटत नाही. झाड मुळांनी जे पाणी शोषते त्यातले शंभरातले सत्त्याण्णव भाग किंवा त्याहूनही जास्त या दारांतून उडून जाते. भात, गहू यांसारखे पीक कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळवण्यासाठी पाण्याचे चारशे-पाचशे रेणू खर्च करते. ज्वारी-मक्याची अन्न बनवण्याची पद्धत थोडी वेगळी आहे, म्हणून त्यांचे दीडशे ते अडीचशेत भागते. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे ज्वारी कमी पावसावर तग धरते, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे. (उसाची पद्धतही ज्वारीसारखीच आहे. तरी ऊस पाणी फार पितो, कारण तो वर्ष-दीड वर्ष शेतात उभा असतो आणि त्याचा पालाही मोठा. पीक रेणूंच्या हिशोबात काटकसरी असले म्हणून विहिरीच्या हिशोबात काटकसरी ठरत नाही.)

तेव्हा दार केव्हा उघडायचे आणि केव्हा लावायचे, यावर झाडाचे जगणे अवलंबून आहे. अंधारात अन्न तयार होत नाही, म्हणून दार उघडे ठेवणे म्हणजे फुकट पाणी घालवणे. उजेड पडला की उघडायचे. पण उजेड पडला हे दाराला सांगणार कोण? झाडाला डोळे नाहीत, मेंदू नाही, निरोप्या नाही.

इथे थोडा इतिहास सांगतो, कारण आपल्या मुलांना शास्त्र म्हणजे पुस्तकात छापलेली उत्तरे असे वाटू लागले आहे. इटलीच्या माल्पिगी यांनी आणि इंग्लंडच्या ग्रू यांनी सतराव्या शतकात सूक्ष्मदर्शकातून ही रंध्रे पाहिली. रक्षक पेशीतला पाण्याचा दाब वाढला की रंध्र उघडते, हे जर्मनीच्या हुगो फॉन मोल यांनी १८५६ मध्ये दाखवले. उत्क्रांतीचा सिद्धान्त मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी तर १८९८ मध्ये रंध्रांवर विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. रंध्रे उघडी आहेत की बंद, हे पान न कापता ओळखण्यासाठी त्यांनी शिंगाची एक पातळ पट्टी वापरली. बाहेर पडणारी वाफ लागली की ती पट्टी वाकत असे. कोट्यवधींची प्रयोगशाळा नसली तरी विचार करणारे डोके असले की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

पाणी आत शिरते हे कळले, पण ते का शिरते? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असे मानले गेले की उजेडात रक्षक पेशीतल्या पिष्टाची साखर होते, साखरेमुळे पेशीतला रस घट्ट होतो आणि परासरणाने पाणी आत ओढले जाते. जुन्या गाईडांमधून हेच उत्तर पिढ्यान् पिढ्या पाठ केले गेले. पण जपानमध्ये इमामुरा यांनी १९४३ मध्ये आणि फुजिनो यांनी १९६७ मध्ये पोटॅशियमकडे बोट दाखवले, आणि १९६८ मध्ये फिशर यांनी बाकल्याच्या पानाच्या सालीवर प्रयोग करून रंध्र उघडताना रक्षक पेशीत पोटॅशियम भरले जाते हे सिद्ध केले. बंद रंध्राच्या मानाने उघड्या रंध्राच्या रक्षक पेशीत पोटॅशियमचे प्रमाण चार ते आठ पट असते. त्याच्यामागून पाणी येते. शेतकरी पोटॅश टाकतो, त्याची एक नोकरी इथे आहे. पोटॅशची उणीव असलेले पीक उन्हात लवकर माना टाकते, यात या दारांचा वाटा असतो.

पुढची कथा अधिक रंजक आहे. पिष्टाची कल्पना मोडीत निघाली असे सर्वांनी धरले होते. पण २०१६ मध्ये असे दाखवण्यात आले की पहाटेच्या निळ्या प्रकाशात रक्षक पेशीतले पिष्ट खरोखरच भराभर मोडते, आणि ते मोडले नाही तर रंध्र उघडायला उशीर होतो. म्हणजे जुने उत्तर अपुरे होते, सपशेल खोटे नव्हते. परीक्षेत काय लिहायचे असे विद्यार्थी विचारतील. पोटॅशियम लिहा. पण घरी जाताना पिष्टही लक्षात ठेवा.

निळ्या प्रकाशाचा उल्लेख झाला, तोच आजच्या विषयाचा गाभा आहे. सूर्यप्रकाश पांढरा दिसतो, पण त्यात सर्व रंग असतात. तांबड्या रंगाचा प्रकाश पानावर टाकला तर रंध्रे उघडतात. त्यासाठी प्रकाश बऱ्यापैकी तीव्र असावा लागतो. तांबड्या प्रकाशात पानातल्या हिरव्या पेशी अन्न करू लागतात, पानाच्या आतल्या पोकळीतला कार्बन डायऑक्साइड संपू लागतो, आणि ही टंचाई रंध्रांना कळते. स्वयंपाकघरात पीठ संपत आले की घरातले माणूस पिशवी घेऊन बाहेर पडते, तसा हा मार्ग.

निळ्या प्रकाशाचे काम वेगळे आहे. पानावर तांबडा प्रकाश भरपूर टाकून ठेवा, म्हणजे अन्न करण्याचे काम पूर्ण वेगाने चालू राहील. आता त्यात थोडासाच निळा प्रकाश मिसळा. अन्न तयार होण्याचे प्रमाण त्याने फारसे वाढत नाही, पण रंध्रे मात्र आणखी उघडतात. म्हणजे निळा प्रकाश इथे अन्नाचे इंधन म्हणून काम करत नाही, तो निरोप म्हणून काम करतो. १९७७ मध्ये झायगर आणि हेपलर यांनी कांद्याच्या रक्षक पेशींच्या भिंती विरघळवून त्यांचे नुसते गोळे बाजूला काढले आणि त्यांच्यावर निळा प्रकाश टाकला. ते गोळे फुगले. शेजारी पान नाही, मूळ नाही, खोड नाही, एकटी पेशी. तरी तिला निळा रंग कळला. म्हणजे दाराला कोणी निरोप्या लागतच नाही, दार स्वतःच प्रकाश ओळखते.

कशाने ओळखते, याचे उत्तर मिळायला आणखी चोवीस वर्षे लागली. रोप खिडकीकडे वाकते, हे तुम्ही पाहिले आहे. ते वाकवणाऱ्या प्रथिनाला फोटोट्रॉपिन असे नाव आहे. त्याचे जनुक अमेरिकेत विन्स्लो ब्रिग्ज यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ओळखले. जपानच्या किनोशिता, शिमाझाकी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की फोटोट्रॉपिनचे दोन्ही प्रकार नसलेल्या रोपाची रंध्रे निळ्या प्रकाशाला दाद देत नाहीत. दोहोंपैकी एक असला तरी काम भागते. हे रोप म्हणजे मोहरीच्या कुळातले अ‍ॅराबिडॉप्सिस नावाचे एक बोटभर तण. बाजारात त्याला कवडीची किंमत नाही, पण वनस्पतींविषयीचे आपले निम्मे आधुनिक ज्ञान या तणाने दिले आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

आता पहाटे काय घडते ते सलग पाहू. निळा प्रकाश फोटोट्रॉपिनवर पडतो. त्यात पकडून ठेवलेला एक पिवळसर रेणू असतो, तो ब जीवनसत्त्वाच्या वर्गातल्या रायबोफ्लेविनपासून बनतो. तो प्रकाश शोषतो आणि प्रथिनाचा आकार बदलतो. जागे झालेले प्रथिन दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटची खूण लावते, आणि निरोप एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी पेशीच्या पटलातल्या प्रोटॉन पंपापर्यंत पोहोचतो. पंप सुरू होतो. तो धन भाराचे प्रोटॉन पेशीच्या बाहेर फेकतो. त्यामुळे पेशी आतून अधिक ऋण होते. पटलात पोटॅशियमसाठी जी बारीक दारे असतात ती या विद्युत्‌दाबाने उघडतात, आणि धन भाराचे पोटॅशियम आत ओढले जाते. त्याच्या जोडीला क्लोराइड येते, पेशी स्वतः मॅलिक आम्लाचे क्षार बनवते. रस घट्ट होतो, पाणी शिरते, दाब वाढतो. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षा कित्येक पट जास्त असतो. पेशी वाकते, दार उघडते. प्रकाशाचा कण आत पडल्यापासून दार नीट उघडेपर्यंत काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत वेळ लागतो.

अंधार पडला की पंप थंडावतो. पाणी तुटले असेल तर मात्र झाड अंधाराची वाट पाहत नाही. ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक तयार होते, त्याच्या निरोपाने ऋण भाराचे कण पेशीतून बाहेर पडू लागतात, मागोमाग पोटॅशियम आणि पाणी जाते, आणि भर दुपारच्या उजेडातही दार लागते. वैशाखातल्या दुपारी एखाद्या झाडाचे पान स्तब्ध दिसते, तेव्हा त्याची बरीचशी दारे लागलेली असण्याचा संभव असतो. प्रकाश म्हणतो उघड, कोरडेपणा म्हणतो लाव. दोन्ही निरोप एकाच पेशीत येतात, आणि त्या पेशीला दोहोंचा मेळ घालावा लागतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. झाडाच्या आत दिवसरात्रीचे एक घड्याळ असते. रोप सतत अंधारात ठेवले तरी त्याची रंध्रे काही दिवस पहाटेच्या वेळी उघडू पाहतात.

यात झाडाचे थोडे नुकसानही होते. ढग आला, शेजारची फांदी हलली, की पानावरचा प्रकाश क्षणात बदलतो. अन्न करण्याचे काम काही सेकंदांत मंदावते, पण दार लागायला मिनिटे लागतात. तेवढे पाणी वाया जाते. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये रक्षक पेशीत प्रकाशाने चालणारी पोटॅशियमची एक जादा वाट बसवली. दारे लवकर उघडू-मिटू लागली, आणि कमी-जास्त होणाऱ्या प्रकाशात ही रोपे पाण्याचा खर्च न वाढवता दुपटीहून अधिक वाढली. हा प्रयोग त्याच बोटभर तणावर झाला. तो आपल्या ज्वारी-तुरीत उतरेल की नाही हा पुढचा प्रश्न आहे, आणि तो सोडवणारे कोणी या सभागृहात बसलेले असावे अशी माझी इच्छा आहे. मुली बारावीनंतर विज्ञान सोडतात याचे मला फार वाईट वाटते. शुल्क, वसतिगृह, घरचे काम, कारणे मला माहीत आहेत. या संस्थेच्या पुस्तक पेढीने त्यात हात घातला आहे, तो आणखी घालावा.

कारणावर कार्य, आणि त्या कार्यावर पुढचे कार्य, अशी ही साखळी ऐकून आपल्यापैकी अनेकांना प्रतीत्यसमुत्पाद आठवला असेल. मलाही आठवतो. परंतु भगवान बुद्धांना रक्षक पेशी माहीत होत्या, असे मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हणत असेल तर त्याला अडवीन. आपल्या ग्रंथांत विमाने होती असे सांगणाऱ्यांना आपण हसतो. तीच चूक आपण करू नये. तथागतांच्या काळी लोक वनस्पतीला एक इंद्रिय असलेला जीव मानत. भिक्खू पावसाळ्यात फिरताना हिरवे गवत तुडवतात, असा आक्षेप लोकांनी घेतला, आणि त्यातून वर्षावासाचा नियम झाला, असे विनयपिटकात आले आहे. आज आपण बसलो आहोत ती व्याख्यानमालाही त्याच वर्षावासातली. ते एक इंद्रिय कोणते, यावर मी वाद घालत नाही. गवताचा विचार करून नियम बदलणारा संघ होता, एवढे मला पुरेसे आहे.

आता पिंपळाकडे येतो.

आपल्या विहाराच्या आवारात बोधिवृक्षाखाली एक फलक आहे. पिंपळ चोवीस तास प्राणवायू देतो, असे त्यावर रंगवलेले आहे. फलक लावणाऱ्यांचा हेतू चांगला होता. झाडाला कोणी इजा करू नये, मुलांना त्याचे महत्त्व कळावे, हाच. परंतु ते विधान खरे नाही.

ऑक्सिजन कुठून येतो ते पाहा. १७७९ मध्ये इंगेनहाउझ यांनी पाण्यात बुडवलेल्या पानांवर शेकडो प्रयोग करून दाखवले की हिरवी पाने शुद्ध वायू सोडतात ती फक्त उजेडात. अंधारात तीच पाने हवा किंचित बिघडवतात. पुढे १९४१ मध्ये रूबेन आणि कामेन यांनी ऑक्सिजनचा जड अणू वापरून दाखवले की हा वायू पाणी फोडून निघतो. पाणी फोडण्याचे हे काम हरितद्रव्य प्रकाशाच्या जोरावर करते. प्रकाश नाही तर पाणी फुटत नाही, पाणी फुटत नाही तर ऑक्सिजन नाही. पिंपळ, वड, तुळस, कडुनिंब, कोणाचाही याला अपवाद नाही. रात्री पिंपळ आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. पौर्णिमेचे चांदणे कितीही टिपूर असले तरी ते सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश आहे. अन्न करायला ते पुरत नाही.

हा समज आला कुठून, याचा माग काढण्यासारखा आहे. काही वनस्पती खरोखरच रात्री रंध्रे उघडतात. निवडुंग, घायपात, कोरफड, अननस, आणि आपल्या घराघरांत कुंडीत असणारी पानफुटी. दिवसा उन्हात दार उघडणे त्यांना परवडत नाही. त्या रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा दारे लावून आतल्या आत त्याचे अन्न करतात. त्यांना एका रेणूमागे पाण्याचे पन्नासच्या आसपास रेणू पुरतात. यातला पहिला धागा भारतातच हाती लागला, हे फार थोड्यांना माहीत आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने चावून पाहिली. सकाळी ती आंबट लागली, दुपारपर्यंत आंबटपणा गेला. हे त्यांनी पत्राने लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवले, आणि ते १८१५ मध्ये छापून आले. तुम्हीही करून पाहू शकता, मात्र चावून थुंका, गिळू नका.

पिंपळाचे रोप कधी भिंतीवर किंवा दुसऱ्या झाडावर उगवते, तेव्हा त्याला पाण्याची टंचाई असते, म्हणून तोही निवडुंगासारखे वागत असेल, असे कोणीतरी म्हटले, आणि पुढच्याने त्यात चोवीस तास प्राणवायू घातला. समजा, वादासाठी मान्य केले की पिंपळ रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो. तरी तो घेणे आणि ऑक्सिजन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडुंग रात्री कार्बन डायऑक्साइड घेतो, पण ऑक्सिजन सोडत नाही. त्याचेही पाणी उजेडातच फुटते. वस्तू रात्री गोदामात भरणे वेगळे आणि कारखाना रात्री चालणे वेगळे.

गंमत अशी की याच झाडाविषयी याच्या उलट समजही आपल्या गावांत आहे. पिंपळावर मुंजा असतो, रात्री खाली झोपू नये. काही सुधारकांनी त्याला शास्त्राचा मुलामा दिला: झाड रात्री कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणून माणूस गुदमरतो, आणि म्हणून पूर्वजांनी मुंजाची गोष्ट रचली. हेही टिकत नाही. उघड्या हवेत झाडाने सोडलेला वायू लगेच पसरून जातो. बंद खोलीत शेजारी झोपलेला माणूस कुंडीतल्या झाडापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो, आणि म्हणून कोणी घरच्यांना बाहेर काढत नाही. पिंपळाखाली झोपण्यात धोका असेल तर तो डासांचा आणि वाळक्या फांद्यांचा. तेव्हा एकाच झाडाखाली एकजण गुदमरतो म्हणतो, दुसरा प्राणवायू मिळतो म्हणतो, आणि दोघेही शास्त्राचे नाव घेतात.

कोणी म्हणेल, सर, एवढ्याशा गोष्टीने काय बिघडते? बिघडते ते असे. आपला विद्यार्थी हा फलक वाचून शाळेत जातो आणि परीक्षेत तेच लिहितो. त्याचे गुण जातात, हे नुकसान तर आहेच. पण मोठे नुकसान असे की एक दिवस त्याला खरे कळते, आणि विहारात लिहिलेले खोटे निघाले ही गोष्ट त्याच्या मनात राहते. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला ज्या धम्माची दीक्षा दिली, त्यात कोणत्याही गोष्टीवर ती जुनी आहे किंवा आपल्या माणसाने सांगितली आहे म्हणून विश्वास ठेवण्याची सक्ती नाही. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी जे समजावले ते आपण दर वर्षी सांगतो. ते दुसऱ्यांच्या समजुतींना लावायचे आणि आपल्या फलकाला लावायचे नाही, हा न्याय नव्हे. आणि बोधिवृक्षाला या आधाराची गरजही नाही. अनुराधपूरला ज्या शाखेची दोन हजारांहून अधिक वर्षे जपणूक झाली, ती प्राणवायूच्या हिशोबाने झालेली नाही. त्या वृक्षाखाली काय घडले, यासाठी झाली.

पिंपळ दिवसा जे करतो ते काय थोडे आहे? त्याच्या हजारो पानांतून वाफ जाते, वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून त्याची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा थंड असते. मार्च-एप्रिलच्या तळपत्या उन्हात त्याला तांबूस कोवळी पालवी फुटते. त्याच्या फळांवर पक्षी आणि वटवाघळे जगतात. फलकावर लिहायला हे पुरेसे आहे. कार्यकारिणीने माझ्याकडे मजकूर मागितला तर मी चार ओळी लिहून देईन, रंगाचा खर्चही देईन. जुना फलक काढताना मुलांना बोलवावे, आणि तो का काढत आहोत ते त्यांना सांगावे.

आता व्याख्यान पुरे, थोडे हाताने करू. पिंपळाच्या पानाच्या खालच्या बाजूवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावा, दहा-पंधरा मिनिटे वाळू द्या, त्यावर सेलोटेप चिकटवून अलगद उचला आणि काचपट्टीवर लावा. रंध्रांचा हुबेहूब ठसा मिळतो. पहाटे उजाडण्यापूर्वी, सकाळी दहाला आणि भर दुपारी एकाच फांदीवरच्या पानांचे ठसे घ्या, आणि प्रत्येक ठशात मोजलेल्या शंभर रंध्रांपैकी उघडी किती ते वहीत लिहा. एखाद्या पानाला आदल्या संध्याकाळी काळ्या कागदाची पिशवी बांधून ठेवा, म्हणजे उजेडाचा परिणाम वेगळा कळेल. निळा आणि तांबडा जिलेटीन कागद लावूनही मुले प्रयोग करतात. त्यातून दुसरे रंगही झिरपतात, म्हणून त्याच्या निष्कर्षावर फार भर देऊ नये. आकडे जुळले नाहीत तर खोडू नका, तसेच ठेवा आणि पुन्हा मोजा.

आज सकाळी घेतलेले तीन ठसे मी आणले आहेत. सूक्ष्मदर्शक त्या खिडकीजवळच्या टेबलावर आहे. आधी लहान मुलांनी यावे, मग महिलांनी, मग आम्ही. भिंगाला बोट लावू नये, आणि एका डोळ्याने बघताना दुसरा डोळा मिटू नये.

नमो बुद्धाय. जयभीम.